शून्याच्या आधीची पत्रे

काळाला आरंभ आहे किंवा नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी खुशाल सोडवीत बसावे. ज्याला काळ मोजावयाचा आहे त्याला मात्र कोठे तरी खुंटी ठोकावीच लागते. आपल्याकडे शालिवाहनाच्या नावाने एक खुंटी आहे, विक्रमाच्या नावाने दुसरी आहे, आणि कलियुगाच्या आरंभापासून किती वर्षे लोटली हेही पंचांगकर्ते मोठ्या निष्ठेने छापीत असतात. यांपैकी कोणतीही खुंटी सृष्टीत आपोआप उगवलेली नाही. कोणी तरी, आपल्या कोणत्या तरी सोयीसाठी, ती तेथे ठोकली आणि मागाहून आलेल्यांनी तिला दोरी बांधून मोजावयास आरंभ केला, इतकेच.

गेली दोन-तीन वर्षे अशाच एका खुंटीशी माझा फार निकटचा संबंध आला आहे. तिचे स्थान १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र; म्हणजे आपल्या घड्याळाने पहाटेचे साडेपाच. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी ही तारीख कधी ना कधी पाहिलेली असेल. एखाद्या फाइलीवरची तारीख काही कारणाने पुसली गेली, की संगणक तेथे ‘१ जानेवारी १९७०, ५:३०’ असे लिहून मोकळा होतो. पाहणाऱ्यास वाटते, त्या पहाटे जगात काही तरी मोठी घटना झाली असावी. वस्तुतः काहीच झाले नव्हते. त्या जागी शून्य आहे, आणि यंत्राने त्या शून्याचे आपल्या बोलीत भाषांतर करून दिले आहे. ‘ठाऊक नाही’ आणि ‘त्या दिवशी पहाटे साडेपाच’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी. परंतु दोघींना एकाच पाटावर बसविले आहे.

ही खुंटी युनिक्सच्या जनकांनी ठोकली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ती प्रणाली घडवीत होते. १९७१ सालच्या पहिल्या पुस्तिकेत त्यांनी काळ मोजला आहे तो १ जानेवारी १९७१ पासून, आणि तोही सेकंदाच्या साठाव्या भागांत. घटका-पळांच्या साठाची सवय असलेल्या आपल्या मनाला हे माप पाहून जरा आपुलकी वाटते. पण त्यांच्यापाशी अंक लिहावयास जागा होती अवघ्या बत्तीस बिटांची, म्हणजे फक्त शून्य आणि एक यांनीच भरावयाच्या बत्तीस घरांची. साठाव्या भागांनी मोजीत गेले तर ती जागा सुमारे ८२८ दिवसांत भरून जाई. तेव्हा मोजणी पूर्ण सेकंदांवर आणली आणि खुंटी १९७० च्या आरंभी नेऊन ठेवली. ज्यांच्या पुढ्यात कालपरवाचेच कागद होते, त्यांना आदल्या शतकाची पर्वा असण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर एक निराळी गरज उत्पन्न झाली. एका संगणकावर ठेवलेल्या फायली दुसऱ्या संगणकावर बसून, जणू आपल्याच कपाटात असल्याप्रमाणे, वाचता-लिहिता याव्यात अशी सोय हवी होती. सन मायक्रोसिस्टिम्स या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९८५ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ जगापुढे ठेवली ती याच हेतूने. ज्याच्यापाशी फायली आहेत ते यंत्र सर्व्हर, आणि जे मागावयास येते ते ग्राहक. या दोघांनी एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलावे याचा जो करार, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. या कराराची दुसरी आवृत्ती १९८९ साली आणि तिसरी १९९५ साली जाहीर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली. दोहोंत तारखेसाठी दोन अंक आहेत. पहिला अंक १९७० च्या खुंटीपासूनचे सेकंद सांगतो. दुसरा त्या सेकंदाचा अंश सांगतो, दुसऱ्या आवृत्तीत दशलक्षांशांत आणि तिसऱ्या आवृत्तीत त्याहून हजारपट बारीक अशा नॅनोसेकंदांत. दोन्ही अंकांना बत्तीस-बत्तीस बिटांची जागा दिलेली आहे, आणि दोन्ही चिन्हविरहित आहेत. म्हणजे उणे ही कल्पनाच त्या घरात नाही. पुढे जावयास १३६ वर्षांचा रस्ता आहे, ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंतचा. मागे भिंत आहे.

या भिंतीशी माझी गाठ पडली ती आजोबांच्या पत्रांमुळे. आजोबा मुंबईस गोदीच्या हिशेबखात्यात होते. आजी मुलांना घेऊन रत्नागिरीकडच्या आमच्या गावी राहत असे. दोघांची पत्रे एका पत्र्याच्या पेटीत होती. कागद घड्यांवर फाटू लागले, तेव्हा एकेका पत्राचे छायाचित्र घेऊन ते संगणकात ठेवण्याचे काम मी व माझी धाकटी बहीण यांनी अंगावर घेतले. तिच्या मुलाने माळ्यावरचा एक जुना संगणक दुरुस्त करून त्याचा सर्व्हर केला, आणि आम्हा दोघांची यंत्रे वर सांगितलेल्या कराराच्या तिसऱ्या आवृत्तीने त्याला जोडून दिली.

फाइलीवर आपोआप पडते ती छायाचित्राची तारीख. मला ती नको होती. पत्र ज्या दिवशी लिहिले गेले तो दिवस फाइलीने अंगावर मिरवावा, म्हणजे यादी तारखेवार लावली की तो संसार ओळीने उलगडत जाईल, असा माझा बेत होता. भाचा म्हणाला, “मामा, तारीख फाइलीच्या नावातच घाला ना. ती कोठेही जाणार नाही.” त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. पण नाव आपण ठेवतो आणि जन्मतारीख आपल्याबरोबर येते. पत्राला त्याची जन्मतारीख मिळावी असा माझा हट्ट होता.

पहिलेच पत्र मी घेतले ते बुधवार, ५ जून १९४६ चे. माथ्यावर ज्येष्ठ शुद्ध पक्षाची मिती, शके १८६८, त्याखाली इंग्रजी तारीख आणि आजोबांच्या काटेकोर अक्षरात ‘दुपारी १२’. पावसाळ्यामुळे कोकणच्या बोटी बंद झाल्या, आता त्या सुरू होईतो येणे घडावयाचे नाही. मनिऑर्डर केली आहे. आणि शेवटी, धाकट्याचा ताप उतरला का ते उलट टपाली कळवावे. हा धाकटा म्हणजे माझे एक काका. ‘काका’ म्हणताना जीभ अडखळते, कारण त्यांना चौथे वर्ष लागले नाही. त्यांचे छायाचित्र नाही, नाव कोणी घेत नसे. ते जगले याचा सगळा पुरावा त्या पेटीतच होता.

मी तारीख घातली आणि यादी उघडली. पत्र यादीच्या तळाशी जाऊन बसले होते. त्यावर तारीख होती ११ जुलै २०८२, शनिवार, सायंकाळचे ६ वाजून २८ मिनिटे आणि १६ सेकंद.

यात यंत्र बिघडले नव्हते, ही त्यातील मौज. मोटारीचे मैल मोजणारे चाक शून्यावरून एक घर मागे फिरविले तर ते ‘उणे एक’ दाखवीत नाही, सगळे नऊ दाखविते. तसेच येथे झाले. १९७० च्या मागचे साडेतेवीस वर्षांचे सेकंद माझ्या यंत्राने उणे म्हणून लिहिले. करारात उण्याला जागा नसल्यामुळे सर्व्हरने तेच बिट अधिक म्हणून वाचले, आणि पत्र बरोबर ४,२९,४९,६७,२९६ सेकंद पुढे फेकले गेले. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते. परंतु त्या यादीप्रमाणे आमच्या काकांना ताप अजून यावयाचा होता, आणि तो येईल तेव्हा विचारपूस करणारे आमच्यापैकी कोणीही असणार नव्हते. मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो.

ही अडचण करार करणाऱ्यांना अगदीच अपरिचित होती असे नाही. सन कंपनीच्याच सोलारिस या प्रणालीच्या मार्गदर्शिकेत १९७० पूर्वीच्या तारखा चालू द्याव्यात किंवा नाही यासाठी एक स्वतंत्र कळ सांगितलेली आहे, आणि ती मुळात बंद ठेवलेली असते. कारणही तेथेच दिले आहे: तारेवरून आलेला मोठा अंक दूरच्या भविष्याचा की १९७० च्या मागचा, हे नुसत्या अंकाकडे पाहून सांगता येत नाही. मला विशेष वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत फाइलीच्या लांबीचा अंक बत्तिसावरून चौसष्ट बिटांवर नेला. कारण फायली लांब होऊ लागल्या होत्या आणि जागा अपुरी पडत होती. अंश दशलक्षांशावरून नॅनोसेकंदावर नेला. सेकंदांचे घर मात्र होते तेवढेच राहिले. लांबीला औदार्य दाखविले, बारकाव्याला दाखविले, आणि आयुष्याला बोटभरही वाढवून दिले नाही. सेकंदाचा अब्जांश सांगू शकणारा करार माझ्या आजोबांच्या हयातीचे नाव काढू शकत नव्हता. इतरांनी निराळ्या खुंट्या ठोकल्या आहेत. मायक्रोसॉफ्टची गणना १ जानेवारी १६०१ पासून चालते. तीत शिवाजीमहाराजांच्या जन्मालाही जागा आहे. ॲपलच्या फाइल-प्रोटोकॉलने २००० सालचा आरंभ मध्यावर धरून दोन्ही बाजूंस अडुसष्ट वर्षे मोकळी ठेवली. तेथे १९४६ सुखाने मावले असते.

तथापि जागेच्या टंचाईसाठी खुंटी जवळ ओढून घेणाऱ्यांना मी हसणार नाही, कारण ही युक्ती आपल्याही ओळखीची आहे. जुन्या ज्योतिष्यांना ग्रहांचे गणित करण्यासाठी अहर्गण, म्हणजे आरंभापासून गेलेले दिवस, काढावे लागत. कलियुगारंभापासून मोजू लागले तर सोळाव्या शतकातच तो अंक सोळा लाखांच्या वर गेला होता, आणि त्या अंकाने गुणाकार-भागाकार करावयाचे ते पाटीवर आणि हाताने. कोकणात समुद्रकाठी नांदगाव येथे राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचताना शके १४४२, म्हणजे १५२० साल, हा नवा आरंभ धरला. इतकेच करून ते थांबले नाहीत. अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडून, प्रत्येक चक्र उलटले की दिवसांची मोजणी नव्याने सुरू करावी अशी व्यवस्था त्यांनी लावली, त्यामुळे अहर्गण ४०१६ च्या वर जाण्याचा प्रसंगच येत नाही. हा ग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगांचा दीर्घ काळ आधार होऊन राहिला. अंकाला आखूड घर द्यावयाचे तर त्याच्याबरोबर ‘हे कितवे चक्र’ हेही सांगावे लागते, ही गोष्ट नांदगावच्या त्या गणितज्ञास पक्की ठाऊक होती. बत्तीस बिटांच्या घरात चक्राचा अंक कोणी लिहीत नाही. १९४६ आणि २०८२ यांत एका चक्राचेच अंतर आहे.

आजोबांच्या ‘दुपारी १२’ ने आणखी एक प्रश्न उभा केला. कोणत्या घड्याळाचे १२? त्या काळी मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. १९०६ पासून देशाची प्रमाण वेळ सुरू झाली होती आणि रेल्वे तिच्याप्रमाणे धावत होती. पण शहराने आपली जुनी मुंबई वेळ, ३९ मिनिटे मागची, १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच रस्त्यावरील दोन घड्याळे पाऊणएक तासाच्या फरकाने, आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर! कराराने हा वाद एका बाबतीत छान मिटविला आहे: तारेवरून जाते ती ग्रिनिचचीच वेळ, साडेपाच तास मिळवावयाचे ते ज्याने त्याने आपल्या घरी. परंतु दोन यंत्रांच्या दोन घड्याळांचा प्रश्न त्याने मिटत नाही. मी माझ्या टेबलाशी बसून माळ्यावरच्या सर्व्हरवर फाइल लिहितो, तेव्हा तिच्यावर उमटते ती सर्व्हरच्या घड्याळाची वेळ. माझे घड्याळ चार मिनिटे मागे असले, तर आत्ताच लिहिलेली फाइल मला चार मिनिटांनी भविष्यातली दिसते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली रचलेला ‘मेक’ हा कार्यक्रम कोणती फाइल जुनी आणि कोणती नवी एवढ्यावरूनच काय पुन्हा घडवावयाचे ते ठरवितो. त्याची या घोटाळ्यात किती त्रेधा होत असेल, याची कल्पना प्रोग्रामर मंडळींना असेल.

कधी ग्राहकाला म्हणावयाचे असते, ‘माझे घड्याळ सोडा, तुमचेच प्रमाण धरा.’ दुसऱ्या आवृत्तीत असे म्हणण्यास शब्दच नव्हता. तेव्हा सनच्या मंडळींनी एक खूण ठरविली. सेकंदाचे दशलक्षांश फार तर ९,९९,९९९ असू शकतात. त्या जागी कोणी पूर्ण दहा लाख लिहून पाठविले, तर ते अशक्य आहे हे ओळखून सर्व्हरने आपले घड्याळ पाहावे. मर्यादशील घरांत जे तोंडाने बोलता येत नाही ते भलत्याच वेळी कप वाजवून सुचवितात, त्यांतलाच हा प्रकार. तिसऱ्या आवृत्तीने सरळ तीन पर्याय दिले: वेळ बदलू नका, तुमची घाला, मी सांगतो ती घाला. मला तिसरा हवा होता, आणि या तिसऱ्या पर्यायातच सगळी गोम आहे. मी सांगितलेली तारीख सर्व्हर निमूटपणे लिहून घेतो. मला ती लिहिण्याचा अधिकार आहे की नाही एवढेच तो पाहतो. ती खरी आहे की नाही, हे विचारणे त्याचे काम नव्हे. फाइलीवरच्या तारखेला पुरावा समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

चौथी आवृत्ती २००० साली आली आणि पुढे २००३ व २०१५ साली तिची सुधारित संहिता निघाली. तिने सेकंदांना चौसष्ट बिट दिले आणि चिन्ह दिले. आता मागे-पुढे सुमारे २९२ अब्ज वर्षांचा विस्तार आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा धरला तर त्याचे सदुसष्ट दिवस भरून वर काही उरते. उणे काळ लिहिण्याची तिची रीत मात्र गमतीची आहे. १९७० च्या आरंभाच्या अर्धा सेकंद आधीचा क्षण ‘उणे अर्धा’ असा लिहावयाचा नाही. उणे एक सेकंद लिहावयाचा आणि त्यात पन्नास कोटी नॅनोसेकंद मिळवावयाचे. अंश नेहमी अधिकच. मराठीत बोलावयाचे तर या कराराला ‘साडे’ समजते, ‘पावणे’ समजत नाही.

एका रविवारी भाच्याने माळ्यावर चढून आमच्या यंत्रांची जोडणी चौथ्या आवृत्तीवर आणली. पूर्वीच्या तारखा चुकीच्याच साठलेल्या होत्या. त्या मी पत्रांशी ताडून एकेक करून पुन्हा घातल्या. संध्याकाळी यादी लावली तेव्हा आजोबांची ६१ पत्रे, १९३९ पासून १९५२ पर्यंतची, ओळीने उभी होती. बहिणीने ती वरून खाली एकदा वाचली आणि दिवा लावावयास उठून गेली.

आजीच्या पत्रांचे मात्र या सोयीने काही भागले नाही. आजी तारीख घालीत नसे. ‘आज सोमवार’ एवढे असले तर पुष्कळ. टपालाचे शिक्के पुसट झाले आहेत. या पत्रांना तारीख द्यावयाची म्हणजे खोटी द्यावयाची, आणि न द्यावी तर छायाचित्राचा दिवस त्यांना चिकटतो. चौथ्या आवृत्तीत मला एक गोष्ट आढळली, ती येथे उपयोगी पडली. फाइल बदलली की नाही हे ओळखण्यासाठी ती आवृत्ती तारखेवर विसंबत नाही. घड्याळाचा ठोका जेवढा बारीक असेल त्याहून लवकर दोन बदल होऊ शकतात, मग दोघांवर एकच वेळ उमटते. म्हणून तिने प्रत्येक फाइलीला ‘चेंज’ नावाचा एक वेगळा अंक दिला आहे. फाइलीत बदल झाला की तो अंक बदलतो. केव्हा बदलला, हे तो सांगत नाही. आधीची ती ही नव्हे, एवढेच सांगतो.

तारखेचा नाद सोडून आम्हीही आजीच्या पत्रांना नुसते अंक दिले. शाई, कागद, आजोबांच्या कोणत्या प्रश्नाचे कोणत्या पत्रात उत्तर आहे, भात लावणीला आला की कापणीला, असल्या खुणांवरून एक ते तेवीस असा क्रम लागला. अडले ते अकरा आणि बारा यांपाशी. एकात धाकट्याने दोन दिवसांनी पेज घेतली असे आहे. दुसऱ्यात पाऊस, गोठ्याचे गळके छप्पर आणि थोरल्याची शाळा एवढेच आहे. धाकट्याचे नावसुद्धा नाही. माझ्या मते नाव नसलेले पत्र आधीचे, ताप येण्यापूर्वीचे. मूल चांगले असले की पत्रात त्याचा उल्लेख राहूनही जातो. बहीण म्हणते, ते नंतरचे आहे. आम्ही दोघांनी दोन्ही पत्रे खिडकीशी धरून शाईचा रंग पुष्कळदा पाहिला आहे. सध्या यादीत माझा क्रम आहे. गेल्या महिन्यात तिचा होता.